राजाच्या तोंडावर ‘जय हिंद’

गेल्या महिन्यात माळा आवरताना माझा शाळेतला तिकिटांचा अल्बम सापडला. पहिल्याच पानावर माझ्या पाचवीतल्या अक्षरात लिहिलेलं: ‘भारत, राजा, जांभळा, दीड आणा’. एवढंच. तिकिटावर काळ्या शाईत शिक्क्याचा एक तुकडा, त्यात तीन इंग्रजी अक्षरं: आय, एन, डी. इतकी वर्षं मी ते ‘इंडिया’ समजत होतो.

ते ‘इंडिया’ नाही, हे परवा भिंगातून बघताना कळलं. डीच्या पुढे जागा मोकळी आहे. शब्द तिथे संपतो. मग डीने संपणारा शब्द कोणता? हिंद!

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. मोठ्या पोस्टांत शिक्के हाताने मारत नसत, यंत्र मारायचं, मिनिटाला शेकडो. त्या ठशाचे दोन भाग. डावीकडे गोल, त्यात गाव आणि तारीख. उजवीकडे नागमोडी रेघा, कारण तिकीट पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात असतं आणि ते रद्द व्हायला हवं. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं, की नुसत्या रेघांऐवजी तिथे काहीतरी सांगता येईल. इंग्लंडात डिसेंबर १९१७ मध्ये ‘राष्ट्रीय युद्धरोखे आताच घ्या’ अशी घोषणा शिक्क्यात आली. फुकटातली जाहिरात, तीही घरपोच. आपल्याकडे पुढे कुटुंबनियोजन आलं, पिनकोड लिहा म्हणून विनवण्या आल्या. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोड पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते. हे मला फार आवडतं.)

या रचनेतच तिकीट गोळा करणाऱ्या पोराचं नुकसान आहे. तिकीट कापून भिजवलं, की हाती येते ती घोषणा, तीही अर्धी. तारखेचा गोल पाकिटावरच राहतो. म्हणून जाणती मंडळी अख्खं पाकीट ठेवतात. अशा सुट्या तिकिटांवरचे तुकडे ओळखायचे म्हणजे अक्षरांची उंची, दोन ओळींमधलं अंतर, तिकीट कोणत्या सालचं, असं बघत बसायचं.

‘जय हिंद’चा शिक्का १५ ऑगस्ट १९४७ ला सुरू झाला. स्वतंत्र भारताचा पहिला घोषणा-शिक्का तो. पण नवीन तिकिटं तयार नव्हती! तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं पहिलं तिकीट निघालं २१ नोव्हेंबरला, अशोकस्तंभाचं दीड आण्याचं १५ डिसेंबरला. तोवर पाकिटांवर सहावा जॉर्जच. म्हणजे देश स्वतंत्र झाला, आणि राजाच्या चेहऱ्यावर पोस्टाचं यंत्र रोज ‘जय हिंद’ मारत होतं. कुणी ठरवून केलेला विनोद नव्हे, पण इतका नेमका विनोद ठरवूनही जमला नसता.

असो. मुद्दा पुढेच आहे.

तो अल्बम भरला होता आजीच्या बिस्किटाच्या डब्यातून. आजोबा मुंबईला नोकरीला, आजी राजापूरजवळच्या घरी. त्यांची सगळी पत्रं त्या डब्यात, पाकिटांसकट. एका मे महिन्यात मी ताटलीत पाणी घेऊन बसलो, सगळी तिकिटं कापून सोडवली, टीपकागदावर वाळवली, आणि उरलेली पाकिटं न्हाणीच्या चुलीत घातली. आजी ओरडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “पाकिटं जाळलीस होय रे?” आणि पत्रं पुन्हा डब्यात लावत बसली.

पत्रं अजून बाबांकडे आहेत. आजोबा वर तिथी लिहायचे, साल नाही. अल्बम सापडल्यावर सगळी पुन्हा काढली. एकावर आहे, ‘अधिक श्रावण व. १३, गुरुवार’. १९४७ ला श्रावणच अधिक होता, आणि वद्य त्रयोदशीला १४ ऑगस्ट, गुरुवार येतो! घाईघाईने वाचलं. त्यात आहे: कौलं परतून घ्यावीत, दहा रुपये मनिऑर्डरने पाठवले आहेत, धाकट्याच्या खोकल्याला अडुळसा द्यावा. शेवटी एकच ओळ, ‘उद्या इकडे सुट्टी आहे, गर्दीत जाऊन येईन’. बस.

गुरुवारी लिहिलेलं ते पत्र शुक्रवारी पेटीत पडलं असेल, तर ते जांभळं तिकीट त्याच पाकिटावरचं असू शकतं. पण तो शिक्का त्या एकाच दिवसापुरता नव्हता. पुढच्या कुठल्याही पत्राचं ते असेल. तारखेचा गोल सांगू शकला असता, आणि तो मी जाळला.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “तो खोकणारा धाकटा म्हणजे मी.” आणि हसले.

तर आत्या, काका, आणि राजापूरकडची सगळी भावंडं: कोणाच्या ट्रंकेत आजोबांचं पाकीट असलं तर कळवा. तिकीट काढू नका, वाफ देऊ नका, कात्री तर मुळीच नको. मी येऊन बघून जाईन.