ब्रेकचं काम केल्यावरही पेडल मऊ का लागतं? गाडी रस्त्यावर काढण्याआधी हे तपासा

गॅरेजमधून गाडी परत आली. ब्रेक पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं. तरीही पेडल दाबलं की स्पंजासारखं आत जातं. 'दोन दिवस चालवा, सेट होईल,' असं अनेकदा सांगितलं जातं. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडा वेळ लागतो, हे खरं. पण पेडल तळापर्यंत जात असेल, तर ते 'सेट' होण्याची वाट पाहणं धोक्याचं आहे.

नेमकं काय होतं?

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो आणि तो दाब पाइपांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. कामासाठी पाइप किंवा कॅलिपर उघडला की हवा आत शिरते. ती पूर्ण काढली नाही, तर पायाचा जोर हवा दाबण्यातच वाया जातो.

घरी करता येणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन सुरू करा.

• पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येतं आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली जातं? आत हवा असू शकते किंवा मागच्या ड्रम ब्रेकचं सेटिंग सैल असू शकतं.

• पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं? ब्रेक ऑइलची पातळी घटत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पातळी तेवढीच असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबरी सील संशयित.

• पेडल दाबून इंजिन सुरू करताना ते किंचित खाली जाणं मात्र नॉर्मल आहे. ते बूस्टरचं काम.

हवा का निघत नाही?

कॅलिपर डावे-उजवे बदलून बसले, तर हवा काढण्याचं निपल खाली येतं आणि हवा वरच अडकते. हवा काढताना टाकीतलं ऑइल संपलं, तरी पुन्हा हवा शिरते. एबीएस युनिटमध्ये हवा गेली असेल, तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो.

नागपूरकरांनी हे लक्षात ठेवा

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. 'डॉट 3' ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 140 पर्यंत येऊ शकतो. चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइल तापून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. म्हणून सीलबंद डब्यातलंच ऑइल वापरा. ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने रबरी सील फुगून खराब होतात.

पेडल तळाला टेकत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.