तपासाचा खर्च कोणाचा?

आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्याचा इतिहास वाचताना मी आधी खर्चाची बाजू पाहतो. त्या दृष्टीने कैरोचे उदाहरण बोलके आहे. १९२९ मध्ये इजिप्त सरकारने तिथे अमली पदार्थांसाठी केंद्रीय गुप्तवार्ता कार्यालय उघडले. प्रमुख होते शहराचे पोलीस कमांडंट रसेल पाशा. हेरॉइन युरोपातल्या कारखान्यांत बनत होते, देशोधडीला लागत होता नाईलकाठचा शेतमजूर. आणि परदेशात माग काढण्याचा पैसाही इजिप्तच्याच तिजोरीतला! रसेल यांनी जमवलेले पुरावे जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या समितीपुढे मांडले. १९३१ मध्ये तिथेच उत्पादन औषधी व वैज्ञानिक गरजेपुरते मर्यादित करणारा करार झाला. इजिप्तला राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले ते मात्र १९३७ मध्ये. खर्च आधी, खुर्ची नंतर.