समुपदेशक कुठून येतो?

माझा व्यवसाय भाषांतराचा. काही वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचा मजकूर मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आणि पहिल्याच पानावर मी अडले. दिल्लीत, जिथे मी राहते, या माणसाला ‘परामर्शदाता’ म्हणतात. मराठीत तो ‘समुपदेशक’. या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलेला, आणि प्रशिक्षणाचा पहिला धडा मात्र असा, की उपदेश करायचा नाही.

हा धडा कुठून आला, हे शोधताना या व्यवसायाचा इतिहास हाती लागत गेला. ‘व्यसन’ शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे, पण तिथे व्यसन म्हणजे आधी राज्यावरचे संकट. राजाची मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्य ही व्यसने त्याच यादीत पुढे येतात. शब्दाने नंतर संकटाचा अर्थ गमावला आणि दोषाचा तेवढा ठेवला. दोष म्हटला की त्यावर इलाजही दोनच उरतात: समज देणे किंवा शिक्षा करणे. आपल्याकडे दोन्ही भरपूर झाले. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना दारू सोडायला सांगितले, तर १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पोलिसांना कामाला लावले. पिणाऱ्याशेजारी बसून त्याचे ऐकून घेणे हे कोणाचे काम, हा प्रश्न तसाच राहिला.

अमेरिकेत त्याला एक उत्तर मिळाले होते. १९३५मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झाले ते दोन पिणाऱ्यांच्या गप्पांतून. पुढे १९५०च्या दशकात मिनेसोटा राज्यातल्या विलमर इथल्या सरकारी मनोरुग्णालयाने दारू सोडलेल्या माणसांनाच समुपदेशक म्हणून नेमले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः त्यातून गेलेला माणूस एकाच टेबलाशी बसू लागले. तिथून एक धागा भारतात पोहोचतो. पती टी. टी. रंगनाथन दारूपायी गेल्यानंतर शांती रंगनाथन मिनेसोटात जाऊन हे काम शिकल्या आणि १९८०मध्ये त्यांनी चेन्नईत संस्था उभी केली. आज देशभर वापरल्या जाणाऱ्या प्रशिक्षण-साहित्यावर त्या संस्थेची छाप आहे.

महाराष्ट्रातली वाट निराळी. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर शहरांत पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते पुढे ‘गर्द’ या पुस्तकात आले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्या वेळी या कामाचा अभ्यासक्रम घेऊन आलेला माणूस मिळणे अवघडच होते. तिथे बरे झालेले रुग्णच हळूहळू कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. सुताराच्या हाताखाली पोरगा शिकतो, तसे हे शिक्षण. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट निघाला, कारण घरात पिणारा एक असला तरी आजार सगळ्या घराला असतो. कालांतराने हीच संस्था पश्चिम भारतातल्या इतर केंद्रांचे प्रशिक्षण पाहू लागली.

दिल्लीतली वाट सरकारी. १९८५मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. १९८८मध्ये एम्सचे व्यसनमुक्ती केंद्र हरिनगरच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात सुरू झाले. ते २००३मध्ये गाझियाबादला गेले आणि राष्ट्रीय केंद्र झाले. त्याआधी, १९९८मध्ये, राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संस्थेत (दिल्लीकर तिला ‘निस्ड’ म्हणतात) व्यसनप्रतिबंधाचा स्वतंत्र विभाग निघाला. स्वयंसेवी संस्थांतल्या लोकांना शिकवणे हे त्याचे मोठे काम. इथे वेळापत्रक असते, मूल्यमापन असते, शेवटी प्रमाणपत्र मिळते.

उपदेश न करण्याचा धडा या वर्गात आला तो विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाकडून. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काही तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना रुग्णाशी कसे बोलता ते करून दाखवायला सांगत आणि मध्येच थांबवून विचारत: हाच प्रश्न का विचारलात? उत्तरे देता देता मिलर यांना आपलीच पद्धत उमगली. १९८३मध्ये त्यांनी ती लिहून काढली. सांगणे असे, की समोरच्याला तुम्ही जितके पटवाल तितका तो उलट बाजू लढवेल. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्या. येरवड्यातल्या बऱ्या झालेल्या माणसाला ही गोष्ट निराळ्या रस्त्याने कळलेली असणार. आयुष्यभर त्याने उपदेशच तर ऐकलेला असतो.

म्हणून आजची विभागणी मला खटकते. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत समुपदेशकाचे पद वेगळे आणि नशेतून बाहेर आलेल्या ‘पियर एज्युकेटर’चे वेगळे. एकाकडे पदवी, दुसऱ्याकडे अनुभव. दुसऱ्याकडे पदवी नसते त्याचे कारणही बहुतेकदा उघड असते: कॉलेजची वर्षे नशेत गेलेली. नुसत्या अनुभवावर भागत नाही हेही खरे. आपण सुटलो तीच एक वाट, असे त्याला वाटू शकते. दिल्लीच्या आसपास ‘नशामुक्ती केंद्र’ अशी पाटी लावून माणसांना डांबून मारहाण केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या वाचल्या की प्रशिक्षणाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

एम्सच्या गाझियाबाद केंद्राने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदत हवी आहे. दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या ३७ जणांसाठी नुसते पदवीधर पुरणार नाहीत, नुसते अनुभवीही नाहीत. मुक्तांगणमध्ये हे दोघे गरजेपोटी एकत्र आले. ते आता धोरण म्हणून व्हायला हवे: बऱ्या झालेल्या माणसाला पदवीच्या अटीवाचून पूर्ण प्रशिक्षण, आणि पदवीधराला त्याच्या हाताखाली काही महिने.

भाषांतरात शेवटी मी ‘समुपदेशक’ हाच शब्द ठेवला. सरकारी कागदांत तोच रुळला आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मात्र, संपादकांच्या परवानगीने, एक वाक्य वाढवले: या शब्दातल्या उपदेशाकडे दुर्लक्ष करावे.