डेटाबेस कूटलेखन

डेटाबेसमधील आधार क्रमांक, आजारांच्या नोंदी अशी संवेदनशील माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून वापरायच्या पद्धती. बहुतेकांचा पाया अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाणित केलेली एईएस पद्धतच. खरा फरक कूटलेखन कुठे होते, यात असतो. फाइलींचे पारदर्शक कूटलेखन (टीडीई) सोयीचे, अ‍ॅप्लिकेशन बदलावे लागत नाही. पण ते चोरीला गेलेल्या डिस्कपुरते. लॉगिन हाती लागलेल्याला सारे उघडेच दिसते. रकानानिहाय कूटलेखन नेमके, मात्र शोध अवघड करणारे. त्यावर उपाय म्हणून समान मजकुराला दरवेळी समान कूटरूप देतात. मग रक्तगटाच्या रकान्यात आठच कूटरूपे उरतात आणि सर्वांत विरळ ते ‘एबी निगेटिव्ह’ असणार, हे किल्लीविनाही ताडता येते. पासवर्डसाठी यांतले काहीच वापरू नये. त्यांचे सॉल्टसह (यादृच्छिक भर घालून) हॅशिंग, म्हणजे उलटवता न येणारे रूपांतर, करतात.