ओळखखुणेवाचून सत्र : संकेतस्थळाच्या स्मृतीचा एक इतिहास

‘सत्र’ हा शब्द मराठीत न्यायालय, विद्यापीठ व विधिमंडळ या तिन्ही ठिकाणी रूढ आहे. मूळ मात्र वैदिक यज्ञसंस्थेत असून, बारा किंवा अधिक दिवस चालणाऱ्या सोमयागास ती संज्ञा होती. संगणकाच्या परिभाषेत तो ‘सेशन’चा पर्याय म्हणून आला, तेव्हा त्यातील अखंडत्व हीच खरी अडचण ठरली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉलात प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. उत्तर दिले की सर्व्हर मागणाऱ्यास विसरतो.

या विस्मृतीवर १९९४ साली नेटस्केपमधील लू माँतुली यांनी ‘कुकी’चा तोडगा काढला : सर्व्हरने दिलेली लहानशी खूण ब्राउझरने जपावी व प्रत्येक भेटीत परत दाखवावी. परंतु ब्राउझरने ती नाकारली, तर? प्रारंभी दोन उपाय प्रचलित झाले. अर्जाच्या पृष्ठात अदृश्य रकाना ठेवून त्यात सत्राचा क्रमांक लिहावयाचा, हा पहिला. पण अर्ज पुढे धाडल्यावाचून त्यात साखळी टिकत नसे. दुसरा उपाय पृष्ठावरील प्रत्येक दुव्यास क्रमांक जोडण्याचा. जावा सर्व्हलेटने तो स्वीकारला आणि २००० सालच्या पीएचपी ४ ने तर दुवे आपोआप बदलण्याची सोयच दिली.

येथे पूर्वीच्या हुंडीव्यवहाराचे स्मरण होणे साहजिक आहे. शाहजोग हुंडीची रक्कम केवळ प्रतिष्ठित सावकाराच्या हाती दिली जाई. कागद कोणाच्याही हाती पडला तरी पैसे मिळत नसत. दुव्यातील क्रमांकाला अशी अट नव्हती. दुवा ज्याच्याजवळ, सत्र त्याचे. डिसेंबर २००२ मध्ये मित्या कोल्शेक यांनी याहून विपरीत प्रकार दाखवून दिला : हल्लेखोराने आपल्या पसंतीचा क्रमांक असलेला दुवा आधीच दुसऱ्यास द्यावयाचा, आणि त्याने प्रवेश केला की त्याच सत्रात शिरावयाचे.

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारासारख्या, नावातच बाजार वागविणाऱ्या गावी हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. २०१७ सालच्या कर्जमाफीचे अर्ज महाराष्ट्रात संगणकावरून भरावयाचे होते, आणि ग्रामीण भागात अनेकांस त्यासाठी सेवा केंद्राचा आश्रय घ्यावा लागला. अशा केंद्रातील एकाच यंत्रापुढे दिवसभरात अनेक शेतकरी बसतात. कुकी ओळखते ती यंत्राला, माणसाला नव्हे. आधीच्याचे सत्र बंद न करता पुढच्याचा अर्ज उघडला, तर एकाची माहिती दुसऱ्यापुढे येऊ शकते. दुव्यातील क्रमांक तर ब्राउझरच्या इतिहासात राहून जातो. म्हणजे कुकीचा अभाव हा एक दोष, आणि तिचे अतिविश्वासू अस्तित्व हा दुसरा. या चर्चेत दुसऱ्या दोषाकडे फारसे लक्ष गेले नाही, हे आश्चर्यच.

साध्या दूरध्वनीने मात्र निराळा मार्ग दाखविला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी देशभर सुरू झालेल्या *९९# या बँकसेवेत ब्राउझर नाही, कुकीही नाही. सत्र दूरसंचार जाळेच धरून ठेवते, आणि वापरणारा थोडा वेळ गप्प राहिला की ते संपते. पुन्हा आरंभापासून क्रमांक दाबावे लागतात, ही गैरसोय खरीच. पण मागे राहून दुसऱ्याच्या हाती लागेल असा दुवा तेथे नसतो.

पीएचपीनेही दुव्यात क्रमांक जोडण्याची ती सोय नोव्हेंबर २०२४ मधील ८.४ या आवृत्तीत त्याज्य ठरविली.