कंटेनर व्यवस्थापन प्रणालींच्या उघड्या लॉगिन पॅनलांचा शोध

उघड्या लॉगिन पॅनलांचा शोध ही संगणक सुरक्षेतील एक तपासणी-पद्धत आहे. कंटेनर व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचे लॉगिन पान इंटरनेटवरून कोणालाही दिसते का, हे तिच्याद्वारे पाहिले जाते. पोर्टेनर, रँचर आणि कुबरनेटीस डॅशबोर्ड ही अशा सॉफ्टवेअरची परिचित उदाहरणे आहेत. पॅनल दिसणे म्हणजे प्रणालीत शिरकाव झाला असे नव्हे. मात्र अनेक सेवांवर एकदम ताबा देणारे दार बाहेरून दिसत आहे, एवढे त्यावरून कळते.

पार्श्वभूमी

कंटेनर म्हणजे एखादे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सर्व घटक यांचा एकत्र बांधलेला, स्वतंत्रपणे चालणारा संच होय. डॉकर हे सॉफ्टवेअर मार्च २०१३ मध्ये जाहीर झाल्यानंतर या तंत्राचा प्रसार झाला. अनेक सर्व्हरवरील कंटेनर सांभाळण्यासाठी गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटीस खुले केले. ही कामे ब्राउझरमधून करता यावीत यासाठी व्यवस्थापन पॅनले तयार झाली.

डॉकरचे पूर्ण अधिकार मिळालेली व्यक्ती मूळ सर्व्हरच्या फायली नव्या कंटेनरला जोडून त्यांत बदल करू शकते. त्यामुळे अशा पॅनलचा पासवर्ड फुटणे हे बहुधा संपूर्ण सर्व्हर हातचा जाण्यासारखे असते.

शोधाची पद्धत

तपासणीत प्रथम संस्थेच्या आयपी पत्त्यांची व डोमेन नावांची यादी केली जाते. त्यानंतर ठरावीक पोर्ट तपासले जातात. पोर्टेनर सामान्यतः ९४४३ आणि जुन्या मांडणीत ९००० हा पोर्ट वापरते. मिळालेल्या उत्तरातील पानाचे शीर्षक, ब्राउझरच्या टॅबवरील छोटे चिन्ह (फेविकॉन) आणि सुरक्षा प्रमाणपत्रातील मजकूर यांवरून सॉफ्टवेअर ओळखले जाते. या ओळखीसाठी पासवर्ड टाकून पाहण्याची गरज नसते.

जॉन मॅथर्ली यांनी २००९ मध्ये सुरू केलेले शोडान आणि मिशिगन विद्यापीठातील संशोधनातून २०१५ मध्ये पुढे आलेले सेन्सिस ही शोधयंत्रे इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रणांची नोंद ठेवतात. तीच नोंद हल्लेखोरांनाही उपलब्ध असते.

टेस्लाचे प्रकरण

फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने टेस्ला कंपनीचे कुबरनेटीस पॅनल पासवर्डविना उघडे असल्याचे जाहीर केले. हल्लेखोरांनी तेथे कूटचलनाचे खनन चालवले होते आणि ते लक्षात येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर कमी ठेवला होता. त्याच ठिकाणी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतील खात्याच्या प्रवेश-किल्ल्याही उघड झाल्या होत्या.

मर्यादा

शीर्षक किंवा चिन्ह बदललेले असल्यास पॅनल ओळखणे अवघड होऊ शकते. उलट, हल्लेखोरांचा अभ्यास करण्यासाठी मांडलेले फसवे सर्व्हरही खऱ्या पॅनलसारखे दिसू शकतात. म्हणून प्रत्येक निष्कर्षाची सर्व्हरच्या मालकाकडून खातरजमा करावी लागते.

उपाय

पॅनल व्हीपीएनमागे किंवा ठरावीक आयपी पत्त्यांपुरते मर्यादित ठेवणे हा मुख्य उपाय आहे. त्याच्या जोडीला द्विस्तरीय पडताळणी आणि वेळेवर अद्ययावतीकरण आवश्यक असते. नव्याने सुरू केलेल्या पोर्टेनरमध्ये ५ मिनिटांत प्रशासक खाते तयार न केल्यास ते वापरासाठी बंद होते व पुन्हा सुरू करावे लागते. त्रयस्थाने आधी खाते उघडून ताबा घेऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

भारतातील कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणक प्रणालीत प्रवेश करणारा भरपाई देण्यास जबाबदार ठरतो. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे अशी तपासणी स्वतःच्या अथवा लेखी परवानगी मिळालेल्या प्रणालींपुरतीच केली जाते. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे.