कृष्णाकाठचे चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकापासून मोटारीच्या मॅगव्हीलपर्यंत, म्हणजे मिश्रधातूच्या चाकापर्यंत, कृष्णाकाठी चाके अनेकदा बदलली, आणि दर वेळी केवळ लाकूड, लोखंड वा रबर बदलले असे नाही, तर चाक दुखावले आहे हे ओळखण्याची जुनी रीत निकामी होऊन नवी शिकावी लागली. साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि काही विलीन संस्थाने मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सरहद्दी अशा हलल्या, तरी दोन्हीकडची बाभळीच्या लाकडाची गाडी एकाच पठडीतली राहिली.

जुन्या चाकात मध्यभागी तुंबा, म्हणजे आख ज्यातून जातो तो जाड ठोकळा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडून वर्तुळ पुरे करणारे पुठ्ठे आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव अशी रचना असे. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची. दोघेही बलुतेदार असल्याने नित्याच्या डागडुजीचा मोबदला त्यांना सुगीच्या धान्यातून मिळे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवून ती गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवीत, सांडशींनी उचलून चाकावर बसवीत, घणाने ठोकीत आणि लाकूड पेट घेण्याआधी वरून पाणी ओतीत. लोखंड आकसले की सगळे सांधे करकरत एकमेकांत घट्ट बसत. हे चाक आपले दुखणे स्वतःच सांगे. माण, आटपाडी किंवा जतच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल पडे, तिचा खडखडाट गाडीवानाच्या कानी येई, आणि चाक पाण्यात घालून फुगवायचे की धावेचा तुकडा कापून ती पुन्हा सांधायची, हे त्या आवाजावरून ठरे. कानाने होणारी ही पारख आज कमी लेखली जाते, हे योग्य नाही.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, पण कृष्णाकाठी हवेचे चाक खऱ्या अर्थाने रुजले ते सहकारी साखर कारखान्यांबरोबर. लोखंडी धाव डांबरी रस्ता चिरीत असे आणि तिच्या गाडीवर ओझेही बेताचेच मावे; टायरगाडीवर मात्र दोन टनांहून अधिक ऊस लादता येऊ लागला, आणि कारखान्याने पुरवलेल्या अशा गाड्यांवर चालणाऱ्या तोडणी-वाहतुकीला ‘टायर सेंटर’ हे नावच पडले. परंतु हवा कमी झाल्याचा आवाज होत नाही. दबलेला टायर जमिनीवर पसरून ओढ वाढवतो, आणि ते सर्वांत आधी बैलांना कळते. गाडीवान टायरवर टाच मारून, तर ट्रकचालक टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून हवा अजमावू लागले. पुढे गेज आला आणि चौरस इंचावरील दाबाचे ‘पौंड’ तोंडी रुळले.

मोटारीत हवा अजमावण्याचे हे काम आता चालकासमोरच्या दिव्याकडे गेले आहे. भारतात २०२० च्या नियमबदलाने टायरदाबाची सूचना देणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चरदुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीतून सूट मिळाली. या यंत्रणेचा एक प्रकार चाकांच्या फेऱ्या मोजतो, कारण हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन अधिक वेगाने फिरते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हपाशी रेडिओ लहरींनी दाब कळवणारा सेन्सर असतो आणि त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदलेला असतो. बाहेरून घेतलेली मॅगव्हील बसवली की हा सेन्सर जुन्या चाकातच राहतो, संगणक नोंदलेल्या क्रमांकाची वाट पाहतो, आणि अनेक गाड्यांत दिवा प्रथम मिनिटभर लुकलुकून मग पेटलेलाच राहतो. ही खूण हवा कमी असल्याची नसून यंत्रणेलाच चाक सापडत नसल्याची आहे, हा भेद ध्यानात न घेता दिव्याकडे काणाडोळा केला, तर खरोखर हवा गेली तरी ती कळत नाही. चाके बदलल्यावर फेऱ्या मोजणाऱ्या प्रकारात टायरमध्ये योग्य हवा भरून यंत्रणेची नोंद नव्याने करावी लागते. सेन्सरच्या प्रकारात, तो सुस्थितीत असून नव्या चाकात बसत असेल, तर तोच काढून मॅगव्हीलमध्ये बसवणे सर्वांत सरळ ठरते. लोहारही चांगली जुनी धाव टाकून न देता, कापून-सांधून नव्या चाकावर चढवीत असे.